चीनची मोटार, कॅनडाचा वाटाणा आणि गुरसरायची मजुरी

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या ऑनलाइन अभ्यासवर्गात डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय व्यापारयुद्ध. विषय जाहीर झाला तेव्हा आपल्या वर्गातल्या एका मुलानं मला निरोप पाठवला. तो झाशी जिल्ह्यातल्या गुरसरायचा. घरात बुंदेली, शाळा हिंदीत, आणि मराठी पुण्यात नोकरी करताना शिकलेला. त्याचा प्रश्न असा की मॅडम, टीव्हीवर रोज टॅरिफ टॅरिफ चाललंय, पण आमच्या गावातून अमेरिकेला जाण्यासारखं काही निघतच नाही, मग आमचा त्यात संबंध काय? मला वाटलं, अख्खं व्याख्यान याच प्रश्नावर करावं. कारण हा प्रश्न एकट्या गुरसरायचा नाही. तुमच्यातले जे कळंबहून, पवनीहून, उदगीरहून आलेत, त्यांच्याही डोक्यात तो असणार. फक्त विचारायला संकोच वाटतो. अर्थशास्त्र म्हटलं की आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय की ते दुसऱ्यांच्या घरातलं काहीतरी आहे.

गुरसराय हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडलं असेल तर ते पेशवाईच्या पुस्तकातून. गोविंदपंत खेर, ज्यांना गोविंदपंत बुंदेले म्हणतात, ते रत्नागिरीकडून गेले आणि बुंदेलखंडात पेशव्यांचे मामलेदार झाले. पानिपतच्या आधी, १७६० च्या डिसेंबरात, ते मारले गेले. त्या काळात तिकडे जी दक्षिणी ब्राह्मण घराणी रुजली त्यांच्यापैकी एकाकडे गुरसरायची जहागीर राहिली, आणि इंग्रजांच्या राज्यातही ती टिकली. आपल्याकडे बुंदेलखंडातल्या मराठ्यांवर जे लिहिलं जातं ते या घराण्यांबद्दल असतं. वसूल किती आला, कोणी कोणाला दत्तक घेतलं, कोण कोणाच्या बाजूनं लढलं. तो वसूल ज्या जमिनीतून आणि ज्या मागावरून येत होता, त्यांच्याबद्दल दोन ओळी सापडल्या तरी नशीब.

त्या जमिनीतून काय निघत होतं? गहू, हरभरा, ज्वारी, तीळ हे होतंच. पण बुंदेलखंडाचं एक खास पीक होतं, त्याचं नाव आल. आपल्याकडे बारतोंडीचं झाड माहीत असेल, त्याच कुळातली वनस्पती. तिच्या मुळांच्या सालीत लाल रंग असतो. काळ्या जमिनीत बी टाकायचं, तीन-चार वर्षं थांबायचं, मग खोल खणून मुळं काढायची. जितकं मूळ बारीक तितका रंग जास्त आणि भावही जास्त. जाड मुळाला कोणी विचारत नसे. या मुळांची पूड, तेल आणि तुरटी, एवढ्यावर जाडंभरडं सुती कापड असं पक्कं लाल होई की धुऊन धुऊन कापड विरे पण रंग जात नसे. या कापडाला खारुआ म्हणत. मराठीतला खारवा तोच. त्याची मोठी पेठ गुरसरायच्या दक्षिणेला, मऊ-रानीपूरला. तिथून खारुआ हिंदुस्थानभर जाई. रजया, गाद्या, तंबूंचं अस्तर आणि सावकाराच्या चोपड्यांची वेष्टणं त्याची होत. ज्याच्या नावावर कर्ज लिहायचं त्याच्याच हातचं कापड चोपडीला गुंडाळायचं, असा तो कारभार.

विणणारे कोण? मुख्यतः कोरी. आज उत्तर प्रदेशात अनुसूचित जातींच्या यादीत असलेला हा समाज. झलकारीबाई याच समाजातल्या. त्यांच्या तिकिटाचं २००१ साली प्रकाशन झालं, पुतळे उभे राहिले, जयंत्या होतात. ते व्हायलाच हवं. पण झलकारीबाईंच्या तलवारीबद्दल आपण जितकं बोलतो त्याच्या शतांशही त्यांच्या घरच्या मागाबद्दल बोलत नाही. त्या मागाचं पुढं काय झालं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आणि आल पिकवणाऱ्यांचं बघा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर ग्रंथ काढला, त्यात काछी समाजातल्या ‘आलिया’ नावाच्या पोटजातीची नोंद आहे. आल लावते म्हणून आलिया. बाकीचे त्यांना कमी लेखत, कारण काय, तर मुळं काढताना, रंगवताना किडे मरतात. म्हणजे रंग सगळ्यांना हवा, लाल पागोटं सगळ्यांना हवं, पण किडा मारल्याचं पाप पिकवणाऱ्याच्या माथी. पीक बदललं की जात फुटते, आणि पीक गेलं तरी कमीपणा राहतो. ही गोष्ट डोक्यात ठेवा.

आता बर्लिनला जाऊ. १८६८ साली तिथं ग्रेबे आणि लीबरमान या दोन रसायनशास्त्रज्ञांनी डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून ॲलिझरिन नावाचा लाल रंग तयार केला. युरोपातला लाल रंग तोवर मंजिष्ठाच्या जातीच्या एका झाडाच्या मुळातून यायचा, त्याच मुळातला हा रंग. १८६९ च्या जूनमध्ये लंडनला पेटंटचे अर्ज गेले. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीचा २५ तारखेला, इंग्लंडच्या विल्यम पर्किनचा २६ तारखेला. एका दिवसाचा फरक! भांडण व्हायला हवं होतं. झालं नाही. त्यांनी बाजार वाटून घेतला, इंग्लंड तुझं, बाकी युरोप आमचं. दोन मोठ्यांमध्ये तंटा होतो तेव्हा बऱ्याचदा असंच होतं, ते टेबलावर बसून मिटवतात. टेबलावर ज्यांना खुर्ची नाही, त्यांना निकाल बाजारात कळतो.

फ्रान्समध्ये आव्हिन्याँच्या आसपासची मंजिष्ठाची शेती दहा-पंधरा वर्षांत बसली. बुंदेलखंडात थोडा उशीर लागला, पण १८८० च्या दशकाअखेर रेल्वे झाशीत आली, मऊ-रानीपूरला स्टेशन झालं आणि डबाबंद रंग पेठेत पोचला. स्कॉटलंडमध्ये पक्क्या लाल रंगात रंगवलेलं सूत आणि कापडही येत होतं. चार वर्षं जमिनीत वाढणाऱ्या मुळाची स्पर्धा आता एका डब्याशी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची गॅझेटियरं लिहितात की आलीची लागवड जवळजवळ संपली. आलीसाठी जमीन खोल खणली जायची, ती खणणीही गेली. बुंदेलखंडच्या काळ्या मातीला कांस नावाच्या गवताचा शाप आहे, एकदा पसरलं की नांगर चालत नाही. त्यावर खोल खणणं हा एक उपाय.

बरं, हा झाला रंग. कापडाचं काय? कापडाचा तंटा लँकेशायर आणि मुंबईच्या गिरणीमालकांमध्ये. हिंदुस्थान सरकार बाहेरून येणाऱ्या कापडावर पाच टक्के जकात घेत होतं, तीही तिजोरीसाठी. लँकेशायरला ती सहन होईना. १८७९ साली व्हाइसरॉय लिटननं आपल्याच मंडळातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या कापडाची जकात काढली. १८८२ साली जवळजवळ सगळीच आयात जकात गेली. १८९४ साली तिजोरी रिकामी झाली म्हणून परत लावली, तर लँकेशायरच्या समाधानासाठी इथल्या गिरण्यांवर तेवढीच अबकारी लादली. १८९६ ला दोन्हीकडे साडेतीन टक्के. ही अबकारी उठायला १९२५ साल उजाडलं. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात हा धडा ‘राष्ट्रीय उद्योगावरचा अन्याय’ म्हणून असतो, आणि अन्याय होताच. पण त्या धड्यात गिरणीमालक असतो, लँकेशायर असतं, सरकार असतं. मऊ-रानीपूरचा कोरी नसतो. त्याला लँकेशायरच्या कापडानंही मारलं आणि मुंबईच्या सुतानंही.

इथं मी माझा मुद्दा सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना हाताशी राहील. बाजाराचा धक्का माणसाला त्याच्या जागेवरून उचलून फेकतो. हे जगभर होतं, फ्रान्सच्या शेतकऱ्याचंही झालं. आपल्याकडे वेगळं एवढंच की तो कुठं जाऊन पडणार, हे जात ठरवते.

ज्या रंगाऱ्याकडे दुकान होतं तो जर्मन रंगाचा विक्रेता होऊ शकला. ज्या सावकाराचं भांडवल आलीत होतं त्यानं ते तेलबियांत, धान्यात घातलं. जमीनवाल्यानं दुसरं पीक घेतलं. कोऱ्यानं काय करावं? जमीन नाही. दुकान टाकलं तर त्याच्या हातचं कोण घेणार? उरलं बिगारकाम, शेतमजुरी आणि शहर.

शहरात तरी काय? यासाठी मुंबईकडे बघू, कारण त्याचा लेखी पुरावा आपल्याकडे आहे. विदर्भातले महार जाडंभरडं कापड विणत. माझ्या आजोळी, भंडाऱ्याकडं, पणजोबांपर्यंत माग होता असं आजी सांगायची. माग बसले, माणसं मुंबई-नागपूरच्या गिरण्यांत गेली. पिढीजात विणकर, म्हणजे गिरणीत साळखात्यातच जायला हवे होते. साळखात्यात पगार चांगला. पण तिथं धोट्यातली कांडी बदलताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याची उष्टी कांडी स्पृश्य विणकर कसा तोंडाला लावणार? म्हणून विणकराच्या पोरांना साळखातं बंद. ते कमी पगाराच्या खात्यांत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं ही मागणी ठेवली की साळखातं अस्पृश्यांना खुलं करा, ही तुमच्या मागण्यांत घाला. कामगारांच्या एकजुटीची भाषणं करणाऱ्यांना ती गिळायला जड गेली. तेव्हा कोणी ‘जागतिकीकरणानं जात मोडते’ असं सांगायला लागलं तर त्याला हळूच विचारा, कुठल्या खात्यात?

आता थोडं रुपयाबद्दल. हा भाग अवघड वाटेल, पण सोडू नका. २०२५ च्या डिसेंबरात डॉलर पहिल्यांदाच नव्वद रुपयांच्या पार गेला आणि लगेच वर्तमानपत्रांत लेख आले की रुपया पडला तर निर्यातदारांचं भलं, टॅरिफचा मार थोडा हलका होईल. ही चर्चा शंभर वर्षांपूर्वीही अशीच चालली होती, आणि तिला उत्तर देणारा माणूस आपला होता.

मघाशी जर्मनीनं रंग मारला. त्याच जर्मनीनं, १८७१ च्या पुढं, चांदीचं नाणं सोडून सोन्याचं धरलं. इतरही देश त्या वाटेनं गेले. जगात चांदी स्वस्त झाली, आणि आपला रुपया चांदीचा. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. १८९३ साली सरकारनं टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. या सगळ्या काळात एक मोठा गट म्हणत होता की पडता रुपया हिंदुस्थानच्या हिताचा आहे, बघा निर्यात कशी वाढते.

बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी या युक्तिवादाची साल काढली आहे. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगते. रुपया पडला की देशात भाव चढतात. भाव लगेच चढतात, मजुरी मागून रखडत येते. या मधल्या काळात मालकाला माल महाग विकता येतो आणि मजूर मात्र जुन्याच दरात मिळतो. निर्यातदाराचा जो नफा दिसतो तो परदेशातून आलेला नसतो, तो इथल्याच मजुराच्या ताटातून उचललेला असतो. देशाचा फायदा म्हणून जे सांगतात तो एका वर्गाचा फायदा, दुसऱ्याच्या तोट्यावर. पुढं १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष देतानाही त्यांचा जोर हाच होता, की विनिमय दराचा वाद म्हणजे कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात, हा वाद आहे.

हे पुस्तक रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेच्या संदर्भात आपण सारखं नाचवतो. ‘बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक काढली’ असे मेसेज फिरतात. त्यापेक्षा हा मजुरीचा मुद्दा एकदा नीट वाचला तर जास्त कामाचा आहे. इंग्रजी जड आहे, मान्य. चौघं मिळून वाचा, एका बैठकीला पाच पानं.

आता आपल्या मित्राच्या गावात परत येऊ. आल गेली, आज गुरसराय, जालौन, ललितपूर या पट्ट्याचं रब्बीचं एक मोठं पीक आहे मटर, म्हणजे वाटाणा. बुंदेलखंड हे देशातल्या वाटाण्याचं मोठं आगर. हिरवा तर जातोच, वाळलेलाही जातो, डाळीला, बेसनाला, चाटवाल्यांना. आणि मित्र म्हणतो, आमच्या गावाचा जगाशी संबंध काय!

साखळी बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडानं चीनच्या विजेवर चालणाऱ्या मोटारींवर १०० टक्के आयात शुल्क लावलं. चीन गप्प बसला नाही. मार्च २०२५ मध्ये त्यानं कॅनडाच्या मोहरीवर्गीय तेलावर, पेंडीवर आणि वाटाण्यावर १०० टक्के शुल्क लावलं. चीन हा कॅनडाच्या वाटाण्याचा बडा गिऱ्हाईक. ते दार बंद झाल्यावर तो वाटाणा कुठं जाणार? जिथं दार उघडं आहे तिथं. आणि आपलं दार सताड उघडं होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात आपण वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं होतं, पण ८ डिसेंबर २०२३ पासून, डाळी महागल्या म्हणून, पिवळा वाटाणा शुल्कमुक्त केला आणि मुदत वाढवत नेली. कॅनडाचा आला, रशियाचा आला, लाखो टन आला. पिवळा वाटाणा स्वस्त झाला की हरभऱ्यालाही ओढतो, कारण बेसनात कोणी फरक ओळखत नाही. शेतकऱ्यांनी, डाळवाल्यांनी ओरड केल्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागलं.

मोटार चीनची, राग कॅनडाचा, आणि भाव ठरतो झाशीच्या मंडीत. यात अमेरिकेचं नावही आलं नाही, हे लक्षात घ्या. आपल्याला वाटतं व्यापारयुद्ध म्हणजे ट्रम्प. ते एक टोक आहे.

दुसरी गोष्ट, हरभऱ्याला, मसूरला हमीभाव आहे. वाळलेल्या वाटाण्याला केंद्राचा हमीभाव नाही. म्हणजे भाव कोसळला तर खाली सतरंजीसुद्धा नाही.

पण मी इथं थांबले तर मीही तेच केलं जे गिरणीमालकांच्या इतिहासानं केलं. कारण ‘शेतकरी’ म्हटल्यावर चित्र पूर्ण होत नाही. वाटाणा उपटतं कोण? अहिरवार, कोरी, सहरिया घरांतल्या बाया आणि पोरं. जमीन दुसऱ्याची. काही जणांनी बटाईनं घेतलेली, म्हणजे खर्च आणि कष्ट आपले, निम्मं पीक मालकाचं, आणि कागद कुठलाच नाही, त्यामुळं नुकसानभरपाई आली तर तीही मालकाच्या खात्यात. आणि कापणीची मजुरी अजूनही ठिकठिकाणी धान्यात मिळते.

धान्यातल्या मजुरीचा हिशोब मांडून बघा. समजा, दिवसाला पाच किलो वाटाणा ठरला. भाव किलोला चाळीस असेल तर दिवस दोनशे रुपयांचा. कॅनडाचा वाटाणा आला आणि भाव तीस झाला, तर तोच दिवस दीडशेचा. काम तेवढंच, कंबर तेवढीच मोडलेली, माप तेवढंच. कोणी मजुरी कापली? कोणीच नाही. मालकाशी भांडता येत नाही, तो म्हणेल, बाई, पाच किलो ठरलं होतं, पाच किलो दिलं. पन्नास रुपये कुठं गेले हे विचारायला तिला बीजिंगला जावं लागेल.

आणि भाव चढला तर? तर मालक म्हणतो, यंदा पैशात घ्या. गेल्या वर्षीच्या दरानं. बाबासाहेबांचा रखडणाऱ्या मजुरीचा मुद्दा आठवतोय ना?

मग माणसं गाव सोडतात. दिल्ली, पंजाब, सुरत. आणि २०२५ मध्ये सुरतेत काय चाललं होतं? २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारताच्या मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. पंचवीस आधीचं, पंचवीस रशियाचं तेल घेतो म्हणून. हिरे, कपडे, गालिचे, चामडं, कोळंबी, जिथं हातांचं काम जास्त तिथंच मार जास्त होता. कानपूर-आग्र्याचं चामडं कोणत्या हातांचं आहे हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे गावात वाटाण्यानं ढकललं, शहरात टॅरिफनं. पूर्वी एक दार बंद झालं की दुसऱ्यावर थाप मारायची सोय होती.

महाराष्ट्रातल्यांनी हसू नये, आपल्याकडेही तेच. कापड निर्यातदारांना टॅरिफचा फटका बसला, तर सरकारनं दिलासा काय दिला? १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेर, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका विदर्भ-मराठवाड्याचा कापूस घरी यायच्या हंगामात. मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ७,७१० रुपये कागदावर होता, केंद्रावर गाडी लागेपर्यंत व्यापारी किती देत होता ते तुमच्या घरी विचारा. निर्यातदाराचं दुखणं कापूसवाल्याच्या अंगावर ढकललं, आणि कापूसवाला ते किलोमागं वेचणीच्या दरावर ढकलणार. वेचणारी बाई कोणावर ढकलणार?

आता आणखी एक गोष्ट. १८ डिसेंबर २०२५ ला संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराचे एकशे पंचवीस दिवस केले म्हणून जाहिरात झाली. त्यात एक कलम आहे, त्याकडे नीट बघा. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात, वर्षातले साठ दिवसांपर्यंत, राज्य सरकारला ही कामं बंद ठेवता येतील. कारण काय, तर शेतीला मजूर मिळावेत. म्हणजे ज्या पंधरवड्यात मजुराच्या शब्दाला थोडी किंमत असते, ‘नाही परवडत, मी रोजगार हमीवर जाते’ म्हणायची सोय असते, नेमक्या त्याच पंधरवड्यात ती सोय काढून घ्यायची. चीन-कॅनडाच्या भांडणात आपल्याला काही करता येत नाही. पण पाच किलोचे सात किलो मागण्याची ताकद मजुराकडे असावी की नसावी, हे बीजिंगमध्ये ठरत नाही.

मध्येच चॅटमध्ये कोणीतरी विचारलंय, मग आपण आयात शुल्काच्या बाजूचे की विरोधातले? माझं मत विचाराल तर वाटाण्यावरचं शुल्क योग्य होतं, उशिराच लागलं. पण शुल्कानं भाव चढला तर तो चढ अडत्याकडे आणि जमीनवाल्याकडे थांबेल, जोवर मजुरीचा आणि बटाईच्या कागदाचा प्रश्न सुटत नाही. आणि बेसन महागलं की ते विकत घेणारी पहिली घरं आपलीच. म्हणून ‘देशाच्या हिताचं’ असं मोघम कोणी म्हणालं की मी हिशोब मागते. आपल्या बापजाद्यांना हिशोब वाचता येत नव्हता, चोपडी सावकाराची होती. तुम्हाला येतो. पदवीचा एवढा तरी उपयोग करा.

गुरसरायच्या मित्राला एक काम देते, बाकीच्यांनी आपापल्या गावात करावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाटाणा निघेल तेव्हा घरी जाणार आहेस ना, तर वही घेऊन जा. मंडीतला रोजचा भाव पंधरा दिवस लिही. त्याच पंधरा दिवसांत तुझ्या मोहल्ल्यातल्या दहा बायांना मजुरी काय मिळाली ते लिही, पैशात की धान्यात, गेल्या वर्षी काय होती, ठरवली कोणी. बटाईवाल्याला विचार की बियाण्याचा खर्च कोणी केला. रोजगार हमीचं काम त्या दिवसांत चालू होतं की बंद, पंचायतीत विचार. मऊ-रानीपूरला किंवा रानीपूरला नातेवाईक असतील, टेरिकॉटच्या यंत्रमागांवर कोणी असेल, तर त्यांच्या घरात खारुआ आठवणारं एखादं म्हातारं माणूस आहे का बघ. आणि धान्यात मजुरी मिळत असेल तर ज्या मापानं मोजतात ते माप कोणाच्या घरचं असतं, तेही विचारून ये. एप्रिलच्या वर्गात आपण तुझी वही वाचू.